गॅसची जुनी टाकी, गरम पाणी आणि पिवळा मीटर

आजचा भाग थोडा लांब आहे आणि विषय थोडा धोक्याचा आहे. लोकलमध्ये, बसमध्ये, भांडी घासताना, कुठेही ऐका. फक्त अर्ध्यावर थांबवून कुणी ग्राइंडर हातात घेऊ नका, एवढं आधीच सांगते.

मागच्या एका भागात मी सहज बोलून गेले होते की, व्हर्मॉन्टमधलं आमचं घर आम्ही लाकडावर गरम करतो आणि ती उष्णता प्रोपेनच्या जुन्या टाकीत साठवतो. त्यानंतर मेसेजेसचा पाऊस पडला. "ताई, गॅसच्या टाकीत पाणी? डोकं ठिकाणावर आहे ना?" आहे. पण एका शनिवारी दुपारी ते जवळजवळ गेलं होतं. तीच गोष्ट सांगायची आहे.

आधी थोडं मागचं. कराडजवळ आमच्या आजोळी मागच्या पडवीत तांब्याचा बंब असायचा. मधे जाळाची नळी, भोवती पाणी, बाजूला तोटी, वर झाकण. आजी पहाटे दोन शेणी आणि चार काटक्या घालायची आणि घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी व्हायच्या. ज्यांनी बंब पाहिलाय त्यांना आमची सिस्टीम निम्मी कळलीच. जाळ एकदा करायचा, पाणी तापवून ठेवायचं, मग लागेल तसं वापरायचं. फरक एवढाच की इथे हिवाळ्यात बाहेर उणे पंचवीस असतं आणि अंघोळ नाही, अख्खं घर तापवायचं असतं.

त्यासाठी जो बॉयलर आहे तो लाकडातला वायू आधी बाहेर काढतो आणि खालच्या वेगळ्या कप्प्यात तो जाळतो. तिथलं तापमान हजार अंशांच्या आसपास जातं, म्हणून धूर जवळजवळ नाही. पण हा बॉयलर हट्टी आहे. त्याला पूर्ण जोरात जळायचं असतं. घराला तेवढी उष्णता नको असेल आणि तुम्ही त्याची हवा कोंडलीत, तर तो धुमसतो, चिमणीला डांबरासारखा चिकट थर बसतो, आणि तो थर पेटला की चिमणीला आग. म्हणून उपाय असा की, दिवसातून एकदा भरपूर जाळायचं आणि उष्णता पाण्यात भरून ठेवायची. स्वीडनमध्ये लाकडाच्या बॉयलरशेजारी अशी मोठी टाकी असणं ही नेहमीचीच गोष्ट आहे.

आता टाकी. अमेरिकेत गावाकडच्या घरांच्या अंगणात प्रोपेनच्या पांढऱ्या, आडव्या, कॅप्सूलसारख्या टाक्या असतात. सिनेमात पाहिल्या असतील. त्यातली नेहमीची म्हणजे ५०० गॅलनची, साधारण १,८९० लिटरची. जाड पोलाद, आणि २५० पीएसआय दाबासाठी बनवलेली. घर तापवायच्या सिस्टीममध्ये दाब ३० पीएसआयच्या वर जाऊच देत नाहीत. म्हणजे ताकदीचा प्रश्न नाही. जुनी टाकी स्वस्तात मिळते, तेवढ्याच आकाराची नवी तयार टाकी घ्यायची तर खिसा रिकामा.

किती उष्णता मावते? हिशेब आठवीतला आहे. १,८९० लिटर पाणी ५० अंशांवरून ८३ अंशांवर नेलं की त्यात साधारण ७३ युनिट उष्णता बसते. युनिट म्हणजे तेच, वीजबिलावरचं. घरच्या १५ लिटरच्या गीझरमध्ये २५ अंशांचं पाणी ६० पर्यंत न्यायला ०.६ युनिट लागतं. म्हणजे अशा एकशेवीस गीझरभर उष्णता, एका टाकीत. मध्यम थंडीच्या दिवशी आमचं घर त्यावर रात्र आणि वर अर्धा दिवस काढतं.

गणित ऐकून मी खूश झाले. आईला व्हिडिओ कॉलवर टाकी दाखवली तर ती म्हणाली, "अगं, बंबाला एवढा व्याप?" आईचं म्हणणं खरं होतं. पण व्याप नेमका कुठे आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

आम्हाला टाकी मिळाली ती एका जुन्या शेतघराच्या मागे. मालक म्हणाले, "रिकामी आहे. दोन वर्षं व्हॉल्व्ह उघडाच आहे, घेऊन जा." इथे पहिली गोष्ट लक्षात ठेवा. अंगणात आहे म्हणजे टाकी घरमालकाचीच असं नाही. पुष्कळ टाक्या गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या असतात, भाड्याने दिलेल्या. आम्ही कागद मागितले, मालकीची खात्री केली, टाकीवरची धातूची पाटी वाचता येतेय ना ते पाहिलं. पाटी गंजलेली किंवा काढलेली असेल तर टाकी घेऊच नका. तिचा दाब किती, कुणी बनवली, कधी बनवली, सगळं त्या पाटीवरच असतं.

टाकी ट्रेलरवरून घरी आली. शनिवार होता, लख्ख ऊन होतं. नवऱ्याने नाक लावून वास घेतला. मीही घेतला. काही नाही. व्हॉल्व्ह उघडून पाहिला, फुस्स नाही, काही नाही. आम्ही दोघंही इंजिनिअर, हे मुद्दाम सांगतेय. त्याने ग्राइंडर काढला, एक्स्टेन्शनची वायर अंगणापर्यंत ओढली. बाजूला एक जुनं फिटिंग गंजून घट्ट बसलं होतं, ते कापून काढू असा बेत.

आमचे शेजारी सत्तरीच्या पुढचे आहेत. जन्मभर वेल्डिंग केलंय. मी त्यांना तोंडावर नावानेच हाक मारते, इथली पद्धतच तशी, पण मनात ते काकाच. ते कुंपणापाशी आले, टाकी पाहिली, ग्राइंडर पाहिला आणि काही न बोलता आधी एक्स्टेन्शनचा प्लग काढला. मग म्हणाले, "मीटर कुठाय?"

मीटर नव्हता. ते घरी जाऊन आपला घेऊन आले. हातात मावणारं पिवळं यंत्र, पुढे रबरी नळी. नळी टाकीच्या आत सोडली. पाचसात सेकंद गेले आणि तो ओरडायला लागला.

तो आवाज अजून कानात आहे. नवरा तिथेच पायरीवर बसला.

आता हे झालं कसं? दोन वर्षं उघडी टाकी, दाब शून्य, वास शून्य. एकेक घेऊ.

दाब. दाब शून्य म्हणजे गॅस शून्य, हा आमचा पहिला गैरसमज. आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला की फुस्स होत नाही, पण टाकी तरीही प्रोपेनच्या वाफेने भरलेली असू शकते. ५०० गॅलनच्या टाकीत नुसती तेवढी वाफ असली तरी तिचं वजन साडेतीन किलोच्या आसपास भरतं. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरचा पाव भाग, "रिकाम्या" टाकीत. शिवाय प्रोपेन हवेच्या दीडपट जड. वरचं भोक उघडं ठेवलं म्हणून तो उडून जात नाही, तळाशी बसून राहतो.

आणि खरं सांगायचं तर पूर्ण प्रोपेनने भरलेली टाकी एकवेळ कमी धोकादायक, कारण आत जळायला ऑक्सिजनच नाही. हवेत प्रोपेन साधारण २ ते ९.५ टक्के असलं की मिश्रण स्फोटक होतं. दोन वर्षं अर्धवट उघडी राहिलेली टाकी नेमकी त्या पट्ट्याकडे सरकत असते.

त्यात भर म्हणजे तळाचा गाळ. प्रोपेनमध्ये थोडी तेलकट घाण असते, ती वर्षानुवर्षं खाली साठते आणि गंजाच्या पापुद्र्यांत मुरते. थंडीत ती गप्प बसते. ऊन लागलं, पोलाद तापलं की त्यातून वाफ सुटू लागते. म्हणून सकाळी तपासलेली टाकी दुपारी वेगळी असते. ग्राइंडर किंवा गॅसकटरची उष्णता तर उन्हापेक्षा कितीतरी जास्त.

आणि वास. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळतात, तोच आपल्याला "गॅसचा वास" म्हणून माहीत असतो. पण आतून गंजलेल्या पोलादी टाकीत तो वासाचा पदार्थच गंजाशी लागून निकामी होऊ शकतो. गॅस राहतो, वास जातो. शिवाय आपलं नाक त्या वासाला काही मिनिटांत सरावतं. नाक हे उपकरण नाही, असं काका म्हणाले आणि मी ते आमच्या गराजच्या दारावर मराठीत लिहून ठेवलंय.

मीटरबद्दलही एक सांगून ठेवते, कारण तो ऑनलाइन सहज मिळतो आणि लोक त्यावर डोळे मिटून विश्वास टाकतात. पुष्कळ मीटर आतल्या छोट्या मण्यावर गॅस जाळून मोजतात. त्याला ऑक्सिजन लागतो. बंद टाकीतला गंज ऑक्सिजन खाऊन टाकतो, मग मीटर खोटंच कमी दाखवतो. म्हणून ऑक्सिजनही मोजणारा मीटर हवा. आणि अशा टाकीत डोकं घालून बघू नका, मोबाइलचा टॉर्च धरून तर नाहीच. एक श्वास पुरतो.

मग आम्ही काय केलं? सोमवारी गॅसचं काम करणाऱ्या अधिकृत माणसाला बोलावलं. उरलेला गॅस सोडणं, व्हॉल्व्ह उतरवणं हे त्याने केलं, आम्ही लांब उभे. हे काम स्वतः करण्यात कसलीही मर्दुमकी नाही. त्या व्हॉल्व्हच्या आत स्प्रिंगचे चेक असतात, बाहेरून बंद वाटलं तरी मागे दाब अडकलेला असू शकतो.

व्हॉल्व्ह निघाल्यावर टाकी पाण्याने काठोकाठ भरली. का? कारण पाणी भरलं की गॅसला जागाच उरत नाही, तो वरच्या तोंडातून बाहेर ढकलला जातो. हे मोकळ्या अंगणात, घराच्या तळघराच्या खिडक्यांपासून लांब, कारण बाहेर पडलेला गॅस उतार शोधत खाली जातो. जवळ गाडी सुरू नाही, सिगारेट नाही. आणि हो, आधी शेजाऱ्यांना आणि गावच्या अग्निशमन दलाला फोन करून ठेवा. आमचं पहिलं पाणी बाहेर आलं तेव्हा जो वास सुटला, देवा! तळाचा गाळ ढवळला गेल्यावर गेलेला वास परत आला होता. आधी सांगून ठेवलं नसतं तर चार घरं सोडून कुणीतरी गॅस गळतोय म्हणून बंब बोलावला असता, म्हणजे दुसरा बंब, लाल रंगाचा.

ते पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका. गंजाचं लालकाळं, तेलकट पाणी असतं. आम्ही पिंपांत भरून कचरा केंद्राला विचारून दिलं. मग साबणाचं गरम पाणी, परत स्वच्छ पाणी, परत एकदा. तीन वेळा भरली, तीन वेळा उपसली. नंतर मीटर, दुसऱ्या दिवशी भर उन्हात परत मीटर. काकांचा नियम एका आकड्याचा होता, शून्य. थोडंसं चालेल वगैरे नाही.

वेल्डिंग जितकं टाळता येईल तितकं टाळा. टाकीला आधीच आट्यांची छिद्रं असतात, त्यांत पाइप बसवून पुष्कळ काम होतं. आमची अडचण अशी की सगळी छिद्रं मधल्या घुमटाखाली एकत्र. गरम पाणी एका टोकाला वर आणि थंड पाणी दुसऱ्या टोकाला खाली हवं होतं. म्हणून दोन तोंडं वेल्ड करून घेतली, दाबाच्या टाक्यांचं काम करायचा परवाना असलेल्या वेल्डरकडून. टाकी अशी फिरवली की कापायची जागा सगळ्यात वर येईल, आणि पाणी त्या जागेच्या थोडं खालपर्यंत भरून ठेवलं, तोंड उघडं. पाणी अगदी पत्र्याला टेकलं तर वेल्ड पटकन थंड होऊन कच्चं राहतं, म्हणून बोटभर फट. हे सगळं त्याने केलं, मी चहा केला.

नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. काही ठिकाणी वेल्ड केलेली टाकी तपासनीसाच्या सहीशिवाय बसवताच येत नाही, आणि विमा कंपनीला न सांगता बसवलीत तर आग लागल्यावर कागद शोधत बसाल. आम्ही आधी विचारलं. दोन महिने गेले, पण विचारलं.

आता दुसरा धोका. याबद्दल लोक कमी बोलतात, कारण यात गॅस नाही, नुसतं पाणी आहे.

आजीच्या बंबाला झाकण होतं. पाणी उकळलं तर झाकण थडथडायचं, वाफ बाहेर. आमची सिस्टीम बंद आहे, तिला झाकण नाही. पाणी १० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की साडेतीन टक्के फुगतं. ऐकायला काहीच वाटत नाही. पण १,८९० लिटरचे साडेतीन टक्के म्हणजे ६६ लिटर, चार बादल्या पाणी. पाणी दाबलं जात नाही, पोलाद ताणलं जात नाही, मग ते जाणार कुठे? त्यासाठी एक्सपान्शन टँक असतो, आत रबराचा पडदा, एका बाजूला हवा, एका बाजूला पाणी. आणि ६६ लिटर फुगवट्याला ६६ लिटरचा टँक पुरत नाही, कारण आतली हवा ठरावीक प्रमाणातच आकसते. १२ पीएसआयपासून २७ पीएसआयपर्यंत जायचं असेल तर टँकचा साधारण ३६ टक्केच भाग कामाचा. म्हणजे १८५ लिटरच्या आसपासचा टँक हवा, वर बॉयलर आणि पाइपांतल्या पाण्याचं वेगळं. दुकानात घरगुती बॉयलरसोबत जो लहानसा टँक मिळतो तो इथे कामाचा नाही.

एवढं करूनही ३० पीएसआयला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. त्याच्या आणि बॉयलरच्या मधे कुठलाही बंद करता येणारा कॉक नको. टाकी आणि एक्सपान्शन टँकच्या मधेही नको. "सर्व्हिसिंगला सोयीचं पडेल" म्हणून प्लंबर कॉक टाकून जातो, मग कधीतरी कुणीतरी तो फिरवतो. पाणी बंद भांड्यात १०० अंशांच्या वर जाऊ शकतं, आणि भांडं फुटलं की त्या पाण्यातलं काही एका क्षणात वाफ होतं, सोळाशेपटीहून जास्त जागा मागतं. प्रेशर कुकरची शिट्टी अडकली की काय होतं ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. इथे कुकर दोन टनांचा.

गळती तपासतानाही पाण्यानेच तपासा, कॉम्प्रेसरच्या हवेने नाही. हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते, वेल्ड सुटला तर ती सगळी ताकद तुकड्यांसकट बाहेर येते. पाण्याच्या टेस्टमध्ये वेल्ड सुटला तर जमीन ओली होते.

टाकी ठेवायची कुठे? पाण्यासकट वजन सव्वादोन टनांच्या पुढे जातं. लाकडी फ्लोअरवर नाही, काँक्रीटच्या जमिनीवरच. आणि ५०० गॅलनच्या टाकीचा व्यास ३७ इंच असतो, इथला नेहमीचा दरवाजा ३६ इंच. एक इंच! हे आम्हाला टाकी दारात आणल्यावर कळलं. शेवटी गराजच्या बाजूला खोली बांधली.

आत गेल्यावर टाकीत एक गंमत होते, ती मला अजून आवडते. गरम पाणी हलकं, म्हणून वर तरंगतं, थंड खाली. वर ८५ अंश आणि खाली ४५ अंश, मधे कुठलाही पडदा नसताना, तासन्‌तास. पाणी हळू आत सोडलं तरच हे टिकतं. जोरात पंप मारलात तर सगळं कोमट होतं आणि कोमट पाण्याने रेडिएटर तापत नाहीत. म्हणून मोठे पाइप, हळू पंप. बॉयलरकडे परत जाणारं पाणी मात्र ६० अंशांच्या खाली नको, नाहीतर त्याच्या आत ओलं डांबर धरतं आणि पत्रा खातं. त्यासाठी तापमान बघून मिसळणारा व्हॉल्व्ह मिळतो, तो घ्याच. बाहेरून आम्ही फोम न मारता खनिज लोकरीची जाड दुलई केली, कारण बरेचसे फोम इतक्या उष्णतेत टिकत नाहीत.

आता तुमचा हमखास प्रश्न : या पाण्याने अंघोळ? नाही. कितीही धुतली तरी ती गॅसची टाकी होती. हे पाणी टाकी, बॉयलर आणि रेडिएटर यांतच फिरतं. अंघोळीचं पाणी वेगळ्या नळीतून, एक्सचेंजरमधून जातं, या पाण्याला शिवतही नाही. आणि नळापाशी ४९ अंशांवर आणणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह, नाहीतर लहान मूल भाजेल.

आणखी एक मेसेज सांगलीहून आला होता, वाचून पोटात गोळा आला. "ताई, आमच्याकडे एक जुना लाल सिलिंडर पडून आहे, कापून सोलरला टाकी करू का?" दादा, अजिबात नाही. तो सिलिंडर तुझा नाहीच. तू भरलेत ते डिपॉझिट, सिलिंडर तेल कंपनीचा. एजन्सीला परत दे, पावती दाखवलीस तर डिपॉझिटचे पैसेही मिळतील. शिवाय त्यात तीसपस्तीस लिटर पाणी मावतं, त्यासाठी जीव कशाला? सोलरला तयार टाकी मिळते, उष्णता टिकवणाऱ्या वेष्टणासकट. आणि भंगारच्या दुकानात कुणी बंद पिंप किंवा सिलिंडर गॅसकटरने कापताना दिसला, तर तिथे उभं राहून व्हिडिओ काढू नका. लांब व्हा, आणि त्याला आधी पाणी भरायला सांगा.

त्या शनिवारबद्दल आम्ही घरात फारसं बोलत नाही. नवऱ्याने दुसऱ्याच आठवड्यात काकांसारखाच पिवळा मीटर आणला, तो ग्राइंडरच्याच खणात ठेवलाय. ग्राइंडर काढायचा तर आधी मीटर हातात येतो. काकांना मी दिवाळीत चकल्या दिल्या, त्यांनी त्या मॅपल सिरपबरोबर खाल्ल्या.

आत्ता रेकॉर्ड करतेय तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेत, बाहेर उणे अठरा. टाकीच्या वरच्या थर्मामीटरवर ७९, खालच्यावर ५१. सकाळपर्यंत पुरेल. प्रश्न पाठवा, टाकीच्या पाटीचे फोटो पाठवलेत तरी चालतील. भेटू पुढच्या भागात.